सदतीस नंबरची जोडी

६ एप्रिल, रविवार

काम मिळालं. लटारूभाऊंचा सामूहिक विवाह सोहळा, अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तीस तारखेला, आरमोरीच्याच मैदानावर. जोडपी एक्कावन्न. हातात दिवस चोवीस.

लटारूभाऊ आमच्या भागातले पुढारी. मागची झेडपी हरले, पुढची लढायची आहे, म्हणून एक्कावन्न गरिबाघरच्या पोरींची लग्नं लावून देणार. पुण्य त्यांचं, प्रचार त्यांचा, मला दोन्हीशी घेणंदेणं नाही. मला मैदान द्या, वेळ सांगा आणि मधे लुडबुड करू नका, एवढंच माझं म्हणणं असतं. सात वर्षं हेच करतो आहे. ऊर्जानगरच्या साहेब लोकांचे निरोप समारंभ केले, गडचांदूरला कबड्डीची स्पर्धा केली, गणपती केले, उद्घाटनं केली. मंडपवाले या दोन जिल्ह्यांत पोत्यानं आहेत. 'इव्हेंट' करणारा मी एकटा. तरी आई अजून पाहुण्यांना सांगते, "पोरगा मांडव टाकते."

टीम नेहमीचीच. याद्या, फोन आणि बायकांकडचं सगळं डिंपल पाहणार, साउंड निकेशचा. निकेश मोजकं बोलणारा आहे, त्याचे बॉक्सच काय ते बोलतात. डिंपल पाच वर्षांपासून माझ्याकडे आहे. तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतली, बाप नाही, आई गिरजाबाई बाजारात मासे विकते. मैदानावर हाताखालचे सगळे मला अमरभाऊ म्हणतात, ही एकटी अमर म्हणते. चारचौघांत तरी भाऊ म्हणत जा, असं शंभरदा सांगून झालं. हसते आणि म्हणत नाही.

९ एप्रिल, बुधवार

लटारूभाऊंना म्हटलं, एक्कावन्नपेक्षा पन्नास करा, दहा-दहाच्या पाच रांगा नीट बसतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खजील झालो.

"अमर, शून्यावर संपनारं शुभकार्य करते का कोनी? आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया काऊन टाकतो आपन?"

बरोबर आहे. माझ्याच लक्षात यायला हवं होतं. पत्रिका, कमान, फ्लेक्स, सगळीकडे ५१ छापायला दिलं.

डिंपल तीन दिवस गावोगाव फिरून एकतीस जोडपी घेऊन आली. तेंदूपत्त्याचा हंगाम लागायच्या आत सगळ्यांना लग्नं उरकायची आहेत, त्यामुळे यादी भरेल. उन्हातून स्कूटीवर आली, तोंड तांबडंलाल. चहा पिता पिता म्हणाली, "मायलेही घाई झाली आहे. रोज एक स्थळ आणून राह्यली."

"तीस तारखेपर्यंत कोनाले हो म्हनू नको. ऐनवेळी मले दुसरं माणूस नाई भेटनार."

"अन तीस तारखेनंतर?"

"नंतरचं नंतर पाहू. आधी कूलरवाल्याले फोन लाव."

लावला.

१५ एप्रिल, मंगळवार

आज सगळा आराखडा कागदावर उतरला. स्वतःची पाठ थोपटून घेतोय, दुसरं कोणी थोपटत नाही.

मागच्या वर्षी एका सोहळ्यात, कुठल्या ते लिहीत नाही, गर्दीगोंधळात दोन नवरदेव मंगळसूत्र न बांधताच घरी गेले. पाकीट खिशात तसंच. गावात पोचल्यावर नवरीच्या मावशीनं गळ्याकडे पाहिलं तेव्हा बोंब झाली. माझ्या कार्यक्रमात असलं चालणार नाही. म्हणून दर जोडप्याला एक पाट, पाटाला नंबर, आणि प्रत्येक नंबरामागे एक सुवासिनी उभी. नवरदेवानं मंगळसूत्र बांधलं की ती बाई गाठ ओढून पाहणार आणि हात वर करणार. मी स्टेजवरून हात मोजणार. एक्कावन्न हात वर झाल्याशिवाय टाळ्या नाहीत, बँड नाही, काही नाही.

डिंपल म्हणाली, "बायाईच्या हातात लाल रुमाल देऊ. दुरून दिसन."

मला सुचायच्या आत तिला सुचतं हे खरं आहे. एक्कावन्न लाल रुमाल सांगून टाकले.

मुहूर्त अकरा चाळीस. जेवणं साडेबाराला. चार वाजता शेवटची गाडी सुटलीच पाहिजे, कारण रस्त्यात वाघीण पिल्लं घेऊन फिरते आहे आणि वऱ्हाडं उजेडात गावी पोचायला हवीत. चार म्हणजे चार, असं गाडीवाल्यांना बजावलं. माझ्या कार्यक्रमात घड्याळ पुढे चालतं, माणसं मागे.

२४ एप्रिल, गुरुवार

वयाचे दाखले तपासायला तहसील कार्यालयातून माणसं आली. दोन नवऱ्या अठराच्या आतल्या निघाल्या, एक तर सोळाची. यादीतून कापल्या. लटारूभाऊ त्यांच्यासमोर गोड बोलले, ते गेल्यावर माझ्यावर उखडले. "एकोनपन्नास झाले. तू काय करून राह्यला इथी?" पोरींची वयं काय मी कमी केली?

डिंपल मात्र खूश. सोळावालीला स्वतः घरी सोडून आली आणि संध्याकाळपर्यंत दुसरं एक जोडपं शोधूनही आणलं. अजून एक लागेल. मिळेल म्हणते.

२८ एप्रिल, सोमवार

एक्कावन्न पूर्ण झाले. पारा पंचेचाळीसच्या वर. मांडवाचे लोखंडी खांब हातात धरवत नाहीत, पोरांनी हाताला फडकी गुंडाळून काम केलं.

दुपारी डिंपल आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "शुक्रवारी पाहुणे येऊन राह्यले. पवनीकडचं स्थळ आहे. माय म्हनते, आता याच्यात नाई म्हनायचं नाई." मग विचारलं, "काय सांगू, अमर?"

माझ्या कानाला जनरेटरवाल्याचा फोन. "शुक्रवारी मांडव काढायचा आहे ना आपल्याले. शनिवारी बोलाव त्याईले."

"बरं" म्हणाली आणि रुमालांचं पोतं उचलून गेली. नंतर दिवसभर तोंड चढलेलं. जनरेटरचं विचारलं तर म्हणे, "तुलेच माहीत." उन्हानं सगळ्यांचीच डोकी फिरली आहेत.

१ मे, गुरुवार

काल लिहायची ताकद नव्हती. आज सकाळपासून ही वही उघडून बसलो आहे. जसं झालं तसं लिहितो, म्हणजे माझी चूक नेमकी कुठे झाली ते मलाच दिसेल.

सकाळी साडेदहाला फोन आला. सदतीस नंबरच्या नवरदेवाचा आजा पहाटे गेला. घरात सुतक, लग्न रद्द. म्हणजे पन्नास. पन्नास आकडा ऐकून लटारूभाऊंच्या कपाळाला घाम फुटला. कमानीवर एक्कावन्न, पत्रिकेत एक्कावन्न, मुंबईहून येणारे पाहुणे साडेअकराला पोचणार, चॅनेलवाले येऊन बसलेले.

"बसव कोनाले तरी," ते म्हणाले.

"लग्न झालेल्या कोनाले बसवू का?"

"पागल झाला का? शेजारच्या तालुक्यात लेकराच्या मायले बसवलं होतं, पेपरात आलं. कोरी जोडी पाहिजे. दोन जीव नुसते बसवायचे आहेत गा. फोटो झाला का उठवून दे."

मी चहूकडे पाहिलं. समोर डिंपल, हात हळदीनं पिवळे, नवऱ्यांची रांग लावत होती. तिच्या पलीकडे निकेश माईक तपासत होता. दोघंही बिनलग्नाचे, दोघंही तळ्यावरच्या समाजातले. कोणी आडनाव विचारलं तरी जुळतं. हे सगळं माझ्या डोक्यात दोन मिनिटांत जमलं आणि मला बरं वाटलं, कारण अडचण सुटली होती.

निकेशला सांगितलं तर तो लाजून लाल झाला. "साउंड कोन पाहीन, भाऊ?"

"लेव्हल लावून ये, बाकी मी पाहतो. नुसतं बसायचं आहे. मंगळसूत्र हातात धरून ठेवायचं, बांधायचं नाई."

डिंपलनं मला कनातीमागे नेलं. "खोटंच बसायचं आहे ना?"

"हो."

"मंग तू बस."

"मी बसलो तर माईक कोन धरन?"

"धरन कोनी बी. लटारूभाऊले तसाही माईक सोडवत नाई."

"मजाक करू नको डिंपल, अकरा वाजून राह्यले."

"मी मजाक नाई करून राह्यली," ती म्हणाली.

तेवढ्यात कमानीपाशी गाड्यांचे हॉर्न वाजले. पाहुणे वेळेआधी आले होते. मी पळालो. स्टेजच्या पायरीवरून मागे पाहिलं तर ती सदतीसच्या पाटाकडे चालली होती, आणि एक बाई तिच्या डोक्याला बाशिंग बांधत होती.

पुढचा पाऊण तास मी माझ्यात नव्हतो. मंगलाष्टकं झाली. तीन हजार माणसांनी एकदम अक्षता टाकल्या, मांडवभर पिवळे तांदूळ. हार झाले. मग मी माईकवरून सांगितलं, "नवरदेवांनी मंगळसूत्र बांधावं." लाल रुमाल वर यायला लागले. मी मोजत होतो. वीस. अडतीस. सत्तेचाळीस. पन्नास. आणि थांबले.

एक रुमाल कमी. चौथी रांग. पाहुणे मनगटाकडे पाहायला लागले, लटारूभाऊ माझ्याकडे. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात डिंपल नव्हती, निकेश नव्हता, सकाळचं काहीच नव्हतं. एक पाट होता, त्यावर नंबर होता, आणि त्याच्यामागे हात वर झालेला नव्हता. मी बोललो. रेकॉर्डिंग आहे, आज सहा वेळा पाहिलं. माझाच आवाज आहे.

"सदतीस नंबर, काऊन थांबले? बाई, तुमचा रुमाल दिसून नाई राह्यला. बांधून घ्या लवकर, सगळे थांबले आहेत."

सगळा मांडव सदतीसकडे वळला. तिथे सुवासिनी म्हणून ठमाबाई उभ्या होत्या. नेमाच्या पक्क्या, म्हणून मीच त्यांना निवडलं होतं. त्यांना कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी निकेशचे हात धरून पुढे केले. मग गाठ ओढून पाहिली आणि रुमाल वर केला.

"एक्कावन्न," मी म्हणालो. टाळ्या, बँड, फटाके. सात वर्षांत एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, खोटं कशाला लिहू.

जेवणाच्या रांगेशी आलो तेव्हा गिरजाबाई दिसली. वस्तीतल्या बायांबरोबर जेवायला आली होती. डिंपल आणि निकेशसमोर उभी राहून दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडत होती, डोळ्यांतून पाणी. मला पाहिलं आणि माझे दोन्ही हात धरले. "मायापासून लपवून ठेवलं गा तुमी. चांगला पोरगा पाह्यला. तुनं मायं काम केलं, अमर."

मनात म्हटलं, गर्दी ओसरू दे, मग समजावून सांगू. डिंपल खाली पाहत होती, गळ्यात काळे मणी. मग पाहुण्यांना निरोप, मग चॅनेलवाले, मग ताटं कमी पडली. वर पाहिलं तर चार वाजले होते आणि गाड्या सुटत होत्या. गिरजाबाईनं दोघांना शेजारी बसवून वस्तीच्या गाडीतून नेलं. चार म्हणजे चार, हा हुकूम माझाच.

३ मे, शनिवार

काल मांडव काढायला डिंपल आली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा. पवनीच्या पाहुण्यांना गिरजाबाईनं रस्त्यातूनच परत पाठवलं, असं कानावर आलं.

आज वस्तीत गेलो. गिरजाबाई तळ्याच्या पाळीवर जाळं साफ करत बसली होती. निकेश आपल्या घरी आहे, डिंपल इथेच आहे, पाठवणी नऊ तारखेला, शुक्रवारी ठरली आहे. मी सगळं खरं सांगितलं. सुतक, पन्नास, शून्य, सगळं.

"म्हंजे तुनं मायी पोरगी आकडा भराले बसवली," ती म्हणाली.

"हो, बाई."

"अक्षता खोट्या होत्या का?"

"नाही."

"मंत्र खोटे होते?"

"बाई, मी सगळ्यांले सांगतो. पाहिजे तर गावोगाव जाऊन सांगतो, ते लग्न नव्हतं म्हनून."

"काय सांगशीन? का हिले बाशिंग बांधलं, हिच्या गळ्यात काळे मणी पडले, पन लग्न नाई झालं? मंग कोन करन हिच्यासंगं?" तिनं जाळं खाली ठेवलं. "तू करतो का?"

डिंपल दारात उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. आमच्यामधे वीस पावलंही नव्हती. मी हो म्हणायला तोंड उघडलं. देवाशपथ, हो म्हणायलाच उघडलं होतं. बाहेर पडलं ते असं, "मी आईले इचारून सांगतो."

डिंपल आत गेली. गिरजाबाईनं जाळं परत मांडीवर घेतलं. "इचार," म्हणाली. "शुक्रवारपर्यंत इचार."

५ मे, सोमवार

एक्कावन्न जोडप्यांच्या लग्नाची घाई केली आणि आईला एक वाक्य विचारायला दोन दिवस लागले.

आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. सगळं ऐकल्यावर सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं आता जातीवरून सुरू होईल, तळ्यावरचे ते आणि धानाची शेती करणारे आपण, आजवर कोणाची सोयरीक झाली का वगैरे. ते आलंच, पण थोडक्यात. मग म्हणाली, "चूक झाली म्हनून लग्न करून राह्यला का? साडीचोळी कर, पाया पड. लग्न का भरपाई आहे?"

"तसं नाही."

"मंग कसं? तुले पाहिजे आहे का ती पोट्टी? सांग. पाहिजे असन तर मी दोन दिवस भांडीन अन तिसऱ्या दिवशी संगं येईन."

मी सुपातले खडे वेचायला लागलो.

"कधी तिचं नाव नाई काढलं तुनं घरात."

काढलं होतं. रोज काढलं होतं. डिंपलनं यादी केली, डिंपलनं गाडी सांगितली, डिंपलला फोन लावायचा आहे. याला नाव काढणं म्हणत नाहीत हे मलाही समजतं. मी आईला म्हटलं, "माहीत नाही." आई म्हणाली, "माहीत नाई म्हनून कोनाच्या दारात जाता येत नाई, बाप्पा," आणि सूप परत हातात घेतलं.

६ मे, मंगळवार

निकेशला गाठलं. भांडायचं ठरवूनच गेलो होतो. तो बॉक्सच्या वायरी गुंडाळत होता.

"बांधू नको म्हटलं होतं ना मी तुले?"

"नव्हतोच बांधत, भाऊ. ठमाबाईनं हात धरला तरी मी आखडून होतो. डिंपलही नाई म्हनत होती बाईले. बाई काही ऐके नाई." त्यानं वायर खाली ठेवली. "मंग तुया आवाज आला. मायाच बॉक्समधून. मले वाटलं, अमरभाऊनं इचार बदलला. तू म्हनन तसंच करतो ना आपन मैदानावर."

त्याला राग नव्हता, उलट मलाच खुर्ची दिली. मी विचारलं, "तुले काय वाटते?" तर म्हणाला, "मले काय वाटाचं? तिले काय वाटते ते मले अजून माहीत नाई."

परत येताना लटारूभाऊंचा फोन. विवाह नोंदणीचे एक्कावन्न फॉर्म नऊ तारखेला गेलेच पाहिजेत. पन्नास डिंपलनं आधीच भरून ठेवले आहेत. सदतीसचा कोरा आहे, तो मी माझ्या खणात टाकला. भाऊ म्हणाले, "भरून टाक ना. झालं ते चांगलंच झालं, जोडी शोभून दिसून राह्यली. तुया काऊन जीव जाऊन राह्यला?"

भरला नाही. कागद माझ्या हातात आहे तोवर काही पक्कं झालेलं नाही, अशी मनाची समजूत घालतो आहे. गिरजाबाईला कागदाशी काय घेणं आहे म्हणा.

७ मे, बुधवार

ठरलं.

आज ऑफिसात एकटा होतो. एक वाढदिवस विचारायला बाई आल्या, थीम काय, केक केवढा. मी वळून "डिंपल, लिहून घे" म्हटलं आणि तिथे कोणी नव्हतं. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मला एकदम इतकं रडू आलं की मागच्या खोलीत जावं लागलं. दुःख कशाचं आहे हे समजायला मला तिशी गाठावी लागली, आणि त्यातही सात दिवस उशीर. मला ती पाहिजे आहे. चुकीची भरपाई म्हणून नाही. मला ती रोज समोर पाहिजे आहे, बस.

आईला सांगितलं. आई "बरं" म्हणाली आणि भांडलीसुद्धा नाही. उद्या सकाळी अकरापर्यंत वस्तीत पोचायचं आणि गिरजाबाईला हो म्हणायचं. पाठवणी परवा आहे. अजून वेळ आहे.

८ मे, गुरुवार

दहा वाजता निघणार होतो. शर्ट घालून, चप्पल पायात घालून ऑफिसला कुलूप लावत होतो, तर डिंपलची स्कूटी येऊन थांबली. गळ्यात काळे मणी तसेच होते.

"सदतीसचा फॉर्म दे," ती म्हणाली. "लटारूभाऊनं निकेशले फोन केला होता. उद्या जमा कराचे आहेत ना?"

"तू बस आधी. मी तिकडेच येऊन राह्यलो होतो."

"कुठी?"

"तुमच्या घरी. गिरजाबाईले हो म्हनाले."

ती खुर्चीत बसली. तिची नेहमीची खुर्ची, खिडकीशी. "मायले हो म्हनाले?"

"हो. आईलेही सांगितलं मी. आई तयार आहे."

"अन मले?"

मला प्रश्नच समजला नाही. आता, हे लिहिताना समजतो आहे. तेव्हा मी म्हटलं, "तुले तर माहीतच आहे."

"मले काय माहीत आहे, अमर? तुनं सांगितलं का कधी? मी दोनदा तुयासमोर उभी राह्यली. एकदा तुनं शनिवारी बोलाव म्हटलं, एकदा म्हटलं माईक कोन धरन. मायनं तोंडावर इचारलं तर आईले इचारतो म्हटलं." आवाज चढला नव्हता. कामाचं सांगते तसंच सांगत होती. "आज हो म्हनाले निघाला, तर तेही मायले."

मी म्हटलं, "मायं चुकलं. आता इचारतो."

"काल निकेश आला होता. तळ्यावर दूर बसला, जवळ पन नाई आला. म्हने, तुले हे नको असन तर सांग. मी सगळ्या गावासमोर म्हनतो, गाठ मी बांधलीच नव्हती, नुसती धरली होती, बाईले तसं वाटलं. लोकं खोटारडा म्हनतीन, मारतीन, ते मायावर. तुयावर काही येऊ देनार नाई. अन पाहिजे असन तर तेही तूच सांग." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले आजपर्यंत असं कोनी इचारलंच नव्हतं. ना मायनं, ना तुनं."

"मग?"

"मी हो म्हटलं त्याले."

"तुले आवडते का तो?"

"कालपासून आवडते."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि मी?"

"तू तर पाच वर्षं आवडत होता," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले, आणि तिनं ते पदरानं पुसले. "लगित वाट पाह्यली मी, अमर."

माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सात वर्षांत अशी वेळ आली नव्हती. पाऊस आला तर ताडपत्री टाकता येते, लाइट गेली तर जनरेटर आहे, पाहुणा नाही आला तर दुसरा बसवता येतो. हिला काय सांगू? थांब म्हणू? ती पाच वर्षं थांबलीच होती. मी खण उघडला आणि फॉर्म दिला.

तिनं तो माझ्या टेबलावरच भरला. बाकीचे पन्नास भरले त्याच गोल अक्षरात. वधूचं नाव, वराचं नाव, वय, गाव. स्वतःची सही केली. निकेशची सही तो संध्याकाळी येऊन करेल म्हणाली. मग कागद माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवलं. साक्षीदार, क्रमांक एक.

"दुसऱ्या कोनाची घे ना," मी म्हटलं.

"पन्नासांवर तुयीच आहे. यावर काऊन नाई?"

पेन घेतलं. सही वाकडी आली. खाली तारखेची जागा होती. मी आजची तारीख लिहायला लागलो, आठचा आकडा काढणार तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"आजची नाई," ती म्हणाली. "लग्नाची टाक."

मी तीस एप्रिल टाकली.